बघून सांगा

पुणे, २३ जून २०२५

अक्का,

आणि तू फिरून तिथेच येतेस. "नववीत शाळेपासून पळालास तसाच विचारलेल्या गोष्टीपासूनही पळतोस." तीन पानांच्या पत्रात हे एक वाक्य नसतं तर काय बिघडलं असतं? मी पळालो नाही, मी गेलो. तिरुप्पूरला गेलो, बंगळूरला गेलो, आता पुण्यात आहे, आणि इथे एका जागी वर्ष होत आलं. एवढं टिकलो त्याचं कोणी नाव काढत नाही. फोनवर बोलू म्हटलं तर म्हणतेस, फोन तू मधेच ठेवतोस, पत्र मधेच ठेवता येत नाही. येतं. तुझं मी दोनदा ठेवलं.

आता पेटीचं. इन्नंबूरच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारीला मी जी नवी पेटी पाठवली, तिचं कुठलं बटण दाबायचं ते एकदा लिहून कळव म्हणतेस. अगं, ती पेटी त्यासाठी नाहीच. जुनी पेटी काय करायची? मोटार बंद पडली की लाल दिवा लावून गप्प. मग अप्पा स्वामीमलैच्या नटराज मेकॅनिकला बोलवायचे आणि तो येईपर्यंत भाताची रोपं उन्हात. ही गप्प बसत नाही. ही विचारते. बोअरमध्ये पाणी आहे का, बघून सांगा. पाईप भरलेला आहे का, बघून सांगा. जळका वास येतो का, बघून सांगा. माणसाने जायचं, बघायचं, परत येऊन हो किंवा नाही दाबायचं. असं काही वेळा झालं की माणूस पेटीने न विचारताच बघायला लागतो. हे आमच्या स्फूर्ती मॅडमचं म्हणणं. पेटीच्या पडद्यावर काय दिसावं, कधी दिसावं, ते त्या ठरवतात. त्या म्हणतात, उत्तर देणारं मशीन कोणीही करील, आपल्याला वापरणारा शहाणा करायचाय. आम्ही सगळे त्याच्यावरच काम करतो.

तरी अप्पांचं वय बघून एक युक्ती सांगतो. बाहेर बोलू नकोस. प्रश्न नेहमी त्याच क्रमाने येतात. आणि आपल्याकडे बहुतेक वेळा करंट उतरतो म्हणून मोटार बंद पडते, बाकी सगळं ठीकच असतं. म्हणजे उत्तरंही तीच. गोविंदपुरमला भजनात पुढचा एक म्हणतो आणि मागचे उचलतात, त्या चालीवर अप्पांना म्हणायला सांग:

पाणी हो, पाईप हो,
वास नाही, वास नाही,
हिरवं दाब, उभा राहा.

अप्पांना ढीगभर पदं पाठ आहेत, त्यातल्या निम्म्यांचा अर्थ त्यांनाही ठाऊक नाही. त्यांना या तीन ओळी म्हणजे काय.

हरी


मेलकावेरी, कुंभकोणम
६ जुलै २०२५

चि. हरीस वाणीचा आशीर्वाद.

पत्र ठेवलंस तरी परत उचललंस ना? मी तेच म्हणत होते.

तुझं पद अप्पांनी एका सकाळीत पाठ केलं. मोपेडवर बसून इन्नंबूरपर्यंत म्हणत जातात. चहावाला विचारतो, सामी, हे कुठल्या देवाचं? अप्पा म्हणतात, मोटारीचं. आणि खरंच चालू होते मोटार. आधी प्रत्येक प्रश्नाला धोतर सावरत पाईपापर्यंत जायचे, गुडघे धरून परत यायचे, तोवर पडदा विझलेला. आता जागेवरून हलत नाहीत. शेवटी "उभा राहा" आलं की हात जोडून उभे राहतात. तू तसं सांगितलं होतंस का मज ठाऊक नाही.

गुरुवारच्या भजनानंतर त्यांनी बदरीनाथमामांना सांगितलं, माझ्या हरीनं घडवलेलं मशीन. मामा म्हणाले, कोण, तो नववीवाला? अप्पा म्हणाले, नववी शाळेत होती, मशीन त्याच्यानंतरचं. तू घर सोडल्यापासून त्यांना चारचौघांत तुझं नाव घेताना मी ऐकलं नव्हतं. मामांनीही तसली पेटी मागवली आहे, आणि पेटी यायच्या आधीच पद शिकून घेतलं आहे.

मंगळवारी अप्पांच्या डोळ्यांत औषध घातलं होतं म्हणून मी गेले. मज गाता येत नाही हे तू जाणतोस, म्हणून मी आपली वाचत बसले. पेटी तमिळमध्ये म्हणते, पार्त्तु सोल्लुंग. बघून सांगा. गेले, बघितलं. बोअरात पाणी होतं. पाईपावर हात ठेवला तर खालचा भाग गार आणि वरचा उन्हानं तापलेला. म्हणजे वर पाणी नाही. "नाही" दाबलं, तर पेटीनं हे कर ते कर सांगितलं नाही, उलट विचारलं, मग कुठून भरता येईल असं वाटतं? मज राग आला. मग शोधलं. वर एक झाकण आहे, ते उघडून बादलीनं पाणी ओतलं, आणि मोटारीचा आवाज बदलला. आधी रिकामा खडखड होता, मग जड झाला. शनिवारी परत गेले तर पेटीनं विचारायच्या आधीच मज ओळखू आलं. मी हिशेब लिहिते त्या दुकानात हे सगळं सांगितलं तर मालक म्हणाले, वाणी, तू हिशेबच बघ.

अप्पांनी एक विचारायला सांगितलं आहे. लोक विचारतात, पोरगा मशीन घडवतो म्हणजे नेमकं काय करतो? हातात काय घेतोस? लिही. त्यांस चारजणांत सांगायचं आहे.

वाणी


पुणे, १९ जुलै २०२५

अक्का,

हातात काय घेतोस म्हणजे? सगळंच काम हातात काही घेऊन होतं का? मी तपासणीत आहे. नवी पेटी झाली की आधी माझ्यासमोर येते. एक खोली आहे, तिच्यात खरी मोटार आहे, हौद आहे, पाईप आहे. मॅडम मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवतात आणि मी पेटीसमोर बसून शोधायचं. वर कॅमेरा असतो. अप्पांना सांगायला हवंच असेल तर सांग, हरीच्या समोरून गेल्याशिवाय पेटी बाहेर पडत नाही. यात खोटं काही नाही. पण मामांना फार खोलात सांगू नका म्हणावं.

सुरुवातीला फार अडायचो. खोलीला एका बाजूने काच आहे, पलीकडे इंजिनियर लोक उभे असतात. माणूस अडला की ते हसत नाहीत, एकमेकांकडे नुसते बघतात. आता अडत नाही. परवा मॅडम म्हणाल्या, हरिकृष्ण, तू हल्ली उठून बघतही नाहीस, आवाजावरून ओळखतोस की काय? मी हो म्हटलं. ओठ हलतात ते काय, म्हणाल्या. देवाचं नाव, म्हटलं. त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

आणि ऐक. माझ्यावरून एक गोष्ट ठरली. यापुढे तीनदा बरोबर जमलं की चौथ्या वेळेपासून पेटी प्रश्न विचारणार नाही. माणूस शिकला असं धरणार. एवढंच म्हणेल, सगळं बघितलं? हो म्हटलं की मोटार चालू. पेटीत सिम आहे, घरच्या पेटीतही इथूनच बदल पोचेल. म्हणजे अप्पांना गाण्याचाही त्रास नाही. माझ्यावरून ठरलं, अक्का. नववीवाल्यावरून.

तू मात्र प्रत्येक वेळी हात लावून बघत बसू नकोस, कामावर उशीर होईल. अप्पांची रीत बरी.

हरी


मेलकावेरी
११ ऑगस्ट २०२५

चि. हरीस आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. मोटार तूर्त बंद ठेवली आहे. शेजारच्या मळ्यातून पाणी घेतो, रोपांना पुरतं. अप्पांची तब्येत बरी आहे. गोविंदपुरमला जात नाहीत, गुडघे दुखतात म्हणतात.

ती पेटी परत पाठवायची झाली तर कुठल्या पत्त्यावर पाठवायची? घाई नाही. सहज विचारलं.

तुझ्या ऑफिसात तुझ्याबद्दल सर्व चांगलंच बोलतात ना? अप्पा रोज विचारतात.

वाणी


पुणे, १७ ऑगस्ट २०२५

अक्का,

सहज काय? तू सहज काही विचारत नाहीस. लहानपणी "सहज, दार लावलंस का" म्हणायचीस आणि मी उठून बघावं तर दार उघडं.

मला कळलंय. नटराज आला असेल. पेटीने माणसाला स्वतः बघायला शिकवलं तर त्याला कोण बोलावणार? त्यानेच तारा ओढून ठेवल्या असतील आणि मशीन खराब म्हणून अप्पांच्या कानाशी लागला असेल. आणि तुम्ही लगेच परत पाठवायला निघालात. घरच्या माणसाने केलेल्या गोष्टीवर विश्वास नाही, गावच्या मेकॅनिकवर आहे. गुडघ्यांचं मला सांगू नकोस. अप्पा ताप अंगात घेऊन भजनाला गेलेले मी बघितले आहेत.

काय झालं ते सरळ लिही. माझ्या पेटीत दोष निघाला तर मला इथे तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

हरी


मेलकावेरी
२५ ऑगस्ट २०२५

चि. हरीस.

सरळ लिहिते. अप्पांनी तुज सांगू नको म्हणून शपथ घातली होती, ती मोडते आहे.

मोटार जळाली. आडी महिन्यात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. नटराजनं काही केलं नाही, तो तर उलट रात्र व्हायच्या आत सायकलवरून आला आणि मोटार उतरवून घेऊन गेला. आतलं वाइंडिंग काळं झालं आहे. नवं भरायचे साडेसहा हजार म्हणतो.

मी तिथेच होते, बांधावर. मोटार बंद पडली, अप्पा मोटारीच्या खोपीत गेले. मज पद ऐकू आलं. पाणी हो, पाईप हो. त्या दिवशी बोअरचं पाणी खाली गेलं होतं, पाईप रिकामा होता. तुझ्या पेटीनं या वेळी काही विचारलंच नाही. फक्त, सगळं बघितलं? अप्पांनी हो दाबलं. हात जोडून उभे राहिले. मज आवाज कळला, तो रिकामा खडखड. मी ओरडले, पण अप्पा शेवटची ओळ दुसऱ्यांदा म्हणत होते. देवाचं म्हणताना मधे तोडायचं नाही ही त्यांची सवय. मी पोचेपर्यंत धूर.

तेव्हापासून खाली मान घालून असतात. म्हणतात, पोरानं घडवलेलं मशीन बापाला शिकता आलं नाही. तो एवढं शिकला आणि मी मठ्ठ राहिलो. हरीस कळवू नको, त्याला ऑफिसात कोणी म्हणायचं, तुझ्याच घरी चाललं नाही. भजनाला जात नाहीत ते मामा विचारतील म्हणून. पेटी धुऊनपुसून कापडात बांधली आहे, जशी आली तशी परत जावी म्हणून.

आता माझं एक ऐक, आणि हे पत्र मधे ठेवू नकोस.

ते पद मी अप्पांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की मज एक गोष्ट खटकली. "पाईप हो" नंतर श्वास घ्यायला जागा आहे. अप्पा तिथे कधी श्वास घेत नाहीत, त्यांना तिथे अडखळायला होतं. तू घेतोस. लहानपणापासून भजनात दुसऱ्या चरणानंतर तू थांबतोस, पुढचं आठवायला. मामा त्यासाठी तुझ्या मांडीवर चापट मारायचे.

ते पद तू अप्पांसाठी केलं नव्हतंस, हरी. तुझ्याकडे आधीच होतं. कशासाठी होतं, ते मज सांग. अप्पांस नको सांगूस वाटलं तर नको सांगू. मज सांग.

वाणी


पुणे, ९ सप्टेंबर २०२५

अक्का,

तुझं पत्र मधे ठेवलं नाही. वाचून झाल्यावर कुठे ठेवावं ते मात्र कळेना. शर्टाच्या खिशात घालून चार दिवस कामावर गेलो.

मी मशीन घडवत नाही. तपासतही नाही. मी इथे चहा पोचवायला आलो होतो. मॅडमनी एकदा ट्रे हातात असतानाच विचारलं, किती शिकलास? नववी म्हटलं. मोटारीचं काही येतं? नाही म्हटलं. त्यांना आनंद झाला. माझ्या नववीचा आनंद झालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. त्यांना असाच हवा होता, ज्याला काही येत नाही. त्याला पेटीसमोर बसवायचं आणि तो कुठे अडतो, कसा सुटतो, ते बघायचं. मला अडायचे पैसे मिळत होते, अक्का. आणि मला अडायची लाज वाटत होती. काचेपलीकडे माझ्या वयाचे इंजिनियर. मग लक्षात आलं की प्रश्नांचा क्रम तोच आहे आणि बिघाडही फिरून त्याच क्रमाने येतात. प्रत्येकाला एक चाल लावली. तुम्हाला पाठवली ती त्यातलीच एक.

त्यांना वाटलं पेटीने मला शिकवलं. ते धरून त्यांनी प्रश्न काढून टाकले. ते प्रश्न असते तर अप्पा निदान एकदा वाचून पाईपाकडे गेले असते. कदाचित नसतेही गेले, कारण पद मी दिलं होतं. कुठूनही मोजलं तरी माझ्यापाशीच येतं.

१ तारखेला मॅडमकडे गेलो. म्हटलं, मॅडम, मी आवाज ओळखत नाही.

"मग काय ओळखतोस?"

"काही नाही. गाणं म्हणतो."

त्यांना वाटलं थट्टा करतो. म्हणून दाखव म्हणाल्या. काचेपलीकडचे आत आले. गोविंदपुरमच्या अख्ख्या मंडपासमोर मी गायलोय, पण त्या खोलीत पहिलीच ओळ परत पहिल्यापासून सुरू करावी लागली. एकाला हसू आलं. मॅडम हसल्या नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं. मग अप्पांचं सांगितलं, मोटारीचं सांगितलं.

"घरी कोणाला लागलं तर नाही?"

"हाताला नाही," म्हटलं.

त्या खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "वर्षभर आम्ही तुझी घाई बघत होतो आणि तिला शिकणं म्हणत होतो." माझ्याकडे बघून नाही, त्या इंजिनियरांकडे बघून. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी उलट बोललो असतो आणि निघून गेलो असतो. तसं निघून जायची मला सवय आहे. या वेळी कोणी दारच दाखवलं नाही.

तुझं जुलैचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, गार आणि तापलेल्या पाईपाचं. त्यांनी ते परत वाचायला लावलं. रिकामा खडखड आणि जड आवाज, इथे तर एकाने लिहूनच घेतलं. मी जे येतं म्हणून सांगत होतो ते तुला खरंच येत होतं, आणि मी तुला लिहिलं होतं, हात लावून बघत बसू नकोस. त्यांना तुझ्याशी बोलायचंय. नंबर दिलाय. फोन मधेच ठेवू नकोस.

मला आता पेटीसमोर बसवत नाहीत. ज्याला पाठ झालं त्याचा उपयोग नाही. साहेब काढूनच टाकणार होते, मॅडमनी पॅकिंगमध्ये घातलं. प्रश्न परत आणले की नाही ते मला कोणी सांगत नाही. पण आठवडाभर पॅकिंगला एकही नवी पेटी आलेली नाही, खोकी रिकामीच रचली आहेत. त्यावरून समजतो.

पुढचं अप्पांना वाचून दाखव. पुढे बसून, हळू.

अप्पा, साष्टांग नमस्कार. मशीन तुम्हाला शिकता आलं नाही असं नाही. तुम्ही धोतर सावरत पाईपाकडे जात होता, गुडघे धरून परत येत होता, तेव्हा तुम्ही शिकत होता. मी ते थांबवलं. तुम्ही मठ्ठ नाही. मी बिनशिकलेला आहे हे लपवायला मी जे केलं ते तुमच्या हातात दिलं, आणि जळालं तुमच्या हातात. पेटी कापडातून सोडा. परत पाठवू नका. पडदा विझला तर विझू दे, परत लावता येतो. बघून या आणि मग दाबा.

आणि तुम्ही मंडपात सांगितलंत की हरी मशीन घडवतो. ते आता खरं नाही, कधीच नव्हतं. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, माझी काही तक्रार नाही. पण बदरीनाथमामांची पेटी येईल आणि त्यांना ते पद पाठ आहे. त्यांना जाऊन सांगा की ते म्हणायचं नाही. कारण विचारतील. तेव्हा माझं नाव घ्यावं लागेल, ते घ्या. त्यासाठी गोविंदपुरमला जावं लागेल, तेही जा.

हरी

ता. क. अक्का, आधी पाठवत होतो तेवढे पैसे आता पाठवता येणार नाहीत. ते पेटीसमोर बसण्याचे होते. पॅकिंगच्या पगाराची उचल घेतली, त्यातून खोलीचं भाडं आणि मेस काढून उरले ते नटराजसाठी तुझ्या खात्यावर घातले आहेत, पुढच्या महिन्यात उरतील ते पुढच्या महिन्यात. मोजून घे: एक हजार नऊशे रुपये.